गालाची सूज, बाज्याची ऊब

ता. ३, सोमवार

उशिरा लिहायला बसलो, त्याबद्दल माफी असावी. माफी नक्की कोणाकडे मागतोय ते मलाही सांगता येणार नाही, कारण डायरी माझी आहे आणि दुसऱ्या कोणी ती वाचायची नाही. पण नातीने दिली तेव्हा "आजोबा, रोज लिहायचं" असं माझ्याकडून वदवून घेतलं होतं, आणि आजपर्यंतची सगळी पानं कोरी गेली. मी सातवीपर्यंत शिकलो. पुढे बॅन्डमध्ये गेलो, तिथे लिहायचं काम पडलं नाही. तेव्हा काही चुकीचं लिहिलं गेलं तर तेही माफ असावं.

आता लिहायला बसण्याचं कारण असं की नीट बोलता येत नाही. उजवीकडे वरच्या जबड्यात गाठ होती, ती ऑपरेशन करून काढली. बरोबर दोन दाढाही गेल्या. गाठ साधी निघाली. तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत मी तिची भरपूर काळजी करून ठेवली होती, ती सगळी वाया गेली. आता सुजेची करतो. डॉक्टर म्हणाले होते, आठवड्या-दीड आठवड्यात उतरेल. ती मुदत कधीच टळली. आरशात पाहिलं की वाटतं, या माणसाने गालात अख्खं संत्रं लपवलंय आणि कोणी विचारेपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलंय.

ही म्हणते, "आरशात बघत बसू नका. त्यानेही सुजतं."

ही म्हणजे माझी बायको. ती नोकरीभर थिएटरच्या तिकीट खिडकीत बसली. त्यामुळे ती थोडक्यात बोलते, आणि बोलून झालं की "पुढे" म्हणते.

ता. ४, मंगळवार

काल मुख्य गोष्ट लिहायचीच राहिली. मी बागेतल्या बॅन्डमध्ये युफोनियम वाजवतो. मांडीवर उभा धरायचा, लहान मुलाएवढा पितळी बाजा असतो तो. गाणं पुढचे लोक वाजवतात, आम्ही खालून त्याला धरून ठेवतो. आम्ही वाजवत असताना आमच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. आम्ही थांबलो की मात्र लोक इकडेतिकडे बघतात, काही पडलं का म्हणून.

हंगामाच्या तालमी या महिन्याच्या शेवटी सुरू होतात. ऑपरेशनच्या आधी आमचे बॅन्डमास्तर भेटायला आले होते. म्हणाले, "आरामात बरे व्हा. खुर्ची कुठे पळून जात नाही."

तेव्हापासून मला आराम नाही. खुर्ची पळत नाही हे खरं. पण तिच्यावर बसणारा बदलतो. आमच्या झांजवाल्यालाही हेच वाक्य सांगितलं होतं. तो आता बाकावर बसून आम्हाला ऐकतो आणि मध्येच मांडीवर हात आपटतो.

माझ्या जागी मास्तरांची नजर लुकड्यावर आहे. लुकडा म्हणजे दुसरा कॉर्नेटवाला, तुतारीसारखा छोटा पितळी बाजा वाजवणारा. पोरगा गुणी आहे, मला काका म्हणतो, ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात येऊन बसला होता. त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नाही.

ता. ५, बुधवार

बाजा वाजवायचा नाही, असं डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं. नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, असंही होतं. मी सगळं पाळतो. बाज्याला वाजवायला हात लावलेला नाही.

फक्त संध्याकाळी ऊब देतो. ती द्यावीच लागते. आमच्या बॅन्डची पद्धतच आहे. माझ्या गुरूंनी पहिला धडा दिला तो सुरांचा नव्हता, उबेचा होता. बाजा मांडीवर घ्यायचा, माउथपीसला ओठ लावायचे आणि आवाज न करता लांब श्वास आत सोडत राहायचं. मध्ये मध्ये पिस्टन, म्हणजे बोटांखालच्या कळा, दाबायचे, म्हणजे वाफ सगळ्या नळ्यांत फिरते. पितळ कोमट होईपर्यंत चालू ठेवायचं. बाजा थंड पडला की पिस्टन धरतात, आणि मग सूर असा निघतो जसं कोणाला बळेच बोलायला लावलंय. आजारी असो, प्रवासात असो, ऊब चुकवायची नाही. ते वाजवणं नव्हे. जनावराला पाणी दाखवणं आणि त्याला नांगराला जुंपणं यात फरक आहे.

ही त्या वेळी खाली टेलरबाईंकडे गप्पा मारायला जाते. तिला बाज्याचं वावडं आहे. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "हे आयुष्यभर चालणार का?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने कापूस आणला.

ता. ७, शुक्रवार

सुजेचं एक लक्षात आलं. सकाळी कमी असते, रात्री जेवायला बसेपर्यंत पुन्हा वाढते. म्हणजे संध्याकाळची हवा बाधते. आजपासून खिडकी बंद आणि मफलर.

ता. ८, शनिवार

मफलरचा उपयोग नाही. ऊब देऊन झाल्यावर आरशात बघितलं तर गाल डोळ्यापर्यंत चढलेला. बहुतेक मफलर लोकरीचा आहे म्हणून.

ता. १०, सोमवार

दवाखाना. डॉक्टरांनी गाल दाबला. आतून कुरकुर आवाज आला, नवी कागदी पिशवी चुरगळावी तसा. डॉक्टरांनी परत दाबला. मग सिस्टरला बोलावून तिलाही दाबायला दिला. मला वाटलं आता बाहेर बसलेल्यांनाही बोलावतात.

"नाक शिंकरता?"

"नाही."

"शिंक आली की तोंड बंद ठेवता?"

"नाही. सिस्टरनी सांगितलंय तसं उघडं ठेवून शिंकतो. ही लांब उभी राहते."

"आणि बाजा?"

"वाजवायला हात लावलेला नाही."

खरं तेच सांगितलं. डॉक्टर विचारात पडले. म्हणाले, गालात हवा शिरतेय, कुठून ते कळत नाही. दाढांच्या जागेचं आतलं भोक भरून यायला हवं होतं, ते येत नाही. पुढच्या सोमवारपर्यंत असंच राहिलं तर परत उघडून टाके घालावे लागतील.

मी विचारलं, मग बाजा कधी?

"आजोबा, मग हा हंगाम विसरा."

घरी परतताना ही जिन्यात म्हणाली, "दोन पायऱ्या एकदम चढू नका," एवढंच. मन लागेना म्हणून संध्याकाळी बाज्याला जरा जास्तच ऊब दिली. बाज्याला तरी बरं वाटलं. सूज जास्त.

ता. ११, मंगळवार

दुधात बुडवलेला पाव. सूप. दुधात बुडवलेला पाव. सूज उशीमुळे असावी, असं वाटल्यावरून काल रात्री उशी बदलली. हिची घेतली. हिने माझी घेतली आणि सकाळी म्हणाली, "मला तर काही सुजलं नाही."

ता. १३, गुरुवार

टेलरबाई वर आल्या होत्या. बॅन्डचे कोट त्याच शिवतात आणि दुरुस्त करतात. चहा प्याल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, कप खाली ठेवला, परत उचलला. रिकामा होता.

मग म्हणाल्या, "काका, तुमचा कोट कपाटात आहे ना?"

"आहे. का?"

"मास्तर विचारत होते, खांद्यात किती आत घेता येईल म्हणून."

लुकड्याचे खांदे माझ्या खांद्यांच्या आत दोनदा मावतील. मी विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, कापड एकदा कापलं की परत मोठं होत नाही. नीट विचार करून सांगा म्हटलं."

"मग?"

"म्हणाले, तालमीच्या आधी कळवतो. कोट आणि बाजा दोन्ही एकदमच मागवून घेतील बहुतेक." मग त्यांनी हिच्याकडे पाहिलं. "काकू, मी उगीच बोलले का?"

ही म्हणाली, "नाही. कळलेलं बरं. पुढे."

बाजा बॅन्डचा आहे, माझा नाही. इतकी वर्षं आतल्या खोलीत राहिल्यामुळे मी ते विसरलो होतो. त्याच्यासाठी कोपरा आहे, पुसायचं कापड आहे. थंडीत मी त्याच्यावर माझी शाल घालतो. हिने कधी विचारलं नाही की त्याला शाल आणि मला काय.

ता. १५, शनिवार

आज ऊब देत होतो तर ही दारात उभी. टेलरबाईंकडे पाहुणे आले म्हणून लवकर परतली होती. किती वेळ उभी होती माहीत नाही. मी हाताने खूण केली की वाजवत नाही, फक्त ऊब. ती माझ्या गालाकडे बघत राहिली, मग बाज्याकडे, मग परत गालाकडे. स्टेशनवर दोन घड्याळं वेगळी वेळ दाखवत असली की माणूस बघतो तसं.

मग विचारलं, "हे रोज करता?"

"रोज. चुकवून चालत नाही."

"ऑपरेशन झाल्यापासून?"

"घरी आल्या दिवसापासून. का?"

"काही नाही. सूप ठेवते."

ता. १७, सोमवार

आज दवाखान्यात हिने मला तोंडघशी पाडलं. डॉक्टर गाल दाबून झाले, फाईल उघडली, परत ऑपरेशनची तारीख लिहायला पेन उचललं. तेवढ्यात ही म्हणाली, "डॉक्टर, हे रोज संध्याकाळी त्या बाज्यात श्वास सोडत बसतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही तर म्हणालात हात लावलेला नाही."

"वाजवायला नाही लावला. ऊब देतो." मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, गुरूंचा धडा, पिस्टन, वाफ. सिस्टर तोंड वळवून कपाटात काहीतरी शोधायला लागली. कपाट बंद होतं.

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आवाज झाला काय आणि न झाला काय, हवा तीच. वर भोक आहे. तुम्ही रोज गालात पंप मारताय."

मी त्यांना म्हटलं, हळू सोडतो. ते म्हणाले, हळूही नाही. माउथपीसला ओठ लावायचे नाहीत. मी कबूल आहे म्हणेपर्यंत ते थांबून राहिले. ऑपरेशन तूर्त नाही. शुक्रवारी परत बोलावलंय.

डॉक्टर हुशार आहेत, पण बॅन्डमध्ये बसलेले नाहीत. ज्याने कधी बाजा मांडीवर घेतला नाही त्याला वाजवणं आणि ऊब देणं यातला फरक कसा कळणार. तरी शब्द दिला आहे.

परत येताना हिला म्हटलं, "तू चारचौघांत सांगायला नको होतंस."

"चौघंच होतो. त्यातले दोघे आपणच."

ता. १८, मंगळवार

आज ऊब दिली नाही. बाज्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. हात लावून पाहिला, गार. दवाखान्यातल्या पलंगाच्या दांडीसारखा. आता थोड्याच दिवसांत पिस्टन धरणार, मास्तर बाजा मागवून घेणार, बघणार आणि मनात म्हणणार, म्हाताऱ्याने ठेवला नाही नीट. खुर्ची तर जाणारच. पण असं नाव घेऊन जायला नको होतं.

हिला म्हटलं, "लुकड्याला बोलावू का ऊब द्यायला?"

"म्हणजे त्याला बाजा आधीच घरपोच द्यायचा?"

ते बरोबर होतं. मी म्हटलं, "मग काय करू?"

"एक बाजा गार पडला म्हणून कोणी मरत नाही. पुढे."

मी जेवलो नाही. दूधपाव तसाच ठेवला. हिने तो झाकून ठेवला, आणि झाकताना माझ्याकडे नाही, आतल्या खोलीकडे बघत होती.

ता. १९, बुधवार

आज नवल झालं. भाजी निवडता निवडता हिने विचारलं, "ते ऊब देताना गाल फुगवायचे असतात का?"

संसारात पहिल्यांदा तिने बाज्याचं काही विचारलं. मी म्हटलं, "गाल कधीच नाही. श्वास पोटातून. गाल फुगवतो तो नवशिका."

"आणि ओठ?"

"सैल. मिटायचे नाहीत. ओठ आवळले की सूर निघतो, मग ते वाजवणं झालं. गरम चहावर फुंकर घालतो ना, त्याहून हळू. काचेवर वाफ धरतो तसं."

"असं?" तिने हातातल्या ताटलीवर श्वास सोडून दाखवला.

"तोंड जरा मोठं. हां. आणि लांब. घाई करायची नाही."

"चक्कर येत नाही?"

"सुरुवातीला येते. मग बसून घ्यायचं. एवढं कशाला विचारतेस?"

"टीव्हीवर काही नाही म्हणून."

मी तिला पिस्टनचंही सांगितलं, कुठला आधी दाबायचा, साठलेलं पाणी सोडायची चावी कुठे असते. इतका वेळ जबडा हलवल्याने दुखायला लागला, पण बरं वाटलं. माणसाचं मन जाणाऱ्या वस्तूबद्दल बोलून हलकं होतं. तिने ते ओळखून विचारलं असणार. तशी ती समजूतदार आहे.

ता. २०, गुरुवार

हिने नवीनच टूम काढली आहे. रोज संध्याकाळी मी बागेपर्यंत चालत जाऊन यायचं. डॉक्टरांनी असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. ती म्हणते सांगितलंय. "तू पण चल" म्हटलं, तर म्हणाली, "मला कामं आहेत." आणि टेलरबाईंकडेही गेली नाही.

बागेत चबुतऱ्यावर खुर्च्या मांडलेल्या नाहीत अजून. चबुतऱ्याला दोन फेऱ्या घालून आलो. झांजवाला बाकावर होता. माझा गाल बघून त्याने सरकून जागा करून दिली. मी बसलो नाही.

ता. २१, शुक्रवार

दवाखाना. एकटाच गेलो, हिला कामं होती. सूज उतरायला लागली आहे. दाबल्यावर कुरकुर नाही. डॉक्टर म्हणाले, "बघा, सोडलंत ना फुंकणं." मी वाद घातला नाही. माझ्या मते फिरण्याने उतरली. टाके विरघळलेत, आतलं भोक भरत आलंय. उघडायची गरज नाही. अजून थोडे आठवडे कळ काढा, मग हळूहळू वाजवा, म्हणाले. म्हणजे हंगाम पूर्ण नाही बुडणार. पण तालमी त्याआधीच आहेत, आणि मास्तर तोवर थांबतील असं दिसत नाही.

ता. २२, शनिवार

जिन्यात टेलरबाई भेटल्या. "काय काका, झालात बरे. काल दुपारी वाजवलंत ना?"

"काल दुपारी मी दवाखान्यात होतो."

"असं कसं. चांगला आवाज आला. एकदाच, पण केवढा. मशीनमधली सुई सुटली माझी. म्हैस हंबरल्यासारखं."

"बाई, मी घरात नव्हतो."

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाल्या, "मग रस्त्यावर असेल."

वर येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "पाइपात हवा अडकते." मी सगळे नळ उघडून बघितले. हवा नाही. दिवसभर मशीनचा आवाज ऐकून बाईंच्या कानांना काहीतरी झालंय. हिला म्हटलं, त्यांना तुझा कापूस देऊ नकोस, उलट कान तपासायला सांग.

ता. २३, रविवार

हिच्या ओठांवर लाल वळ उठलाय. अगदी गोल. विचारलं तर म्हणाली, कपाची कड फुटकी आहे. मी सगळे कप तपासले. बोट फिरवून बघितलं. एकही फुटका नाही. तिची नजर कमी झाली असावी, नीट कपाला तोंड लावता येत नसेल. हा एक नवीनच घोर लागला.

शिवाय काल फिरून आलो तेव्हा ती आतल्या खोलीत भिंतीला हात टेकून बसलेली. चक्कर आल्यासारखी. म्हणाली, "सहज बसलेय." सहज बसणारी बाई नाही ती.

ता. २४, सोमवार

हिला जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेलं. माझ्या नव्हे, कोपऱ्यावरच्या. त्यांनी रक्तदाब बघितला, नळी लावून पाठ तपासली. म्हणाले, "आजी, फुप्फुसं तर उत्तम आहेत. पोहता का?"

ही म्हणाली, "नाही. घरकाम."

चला, चिंता नाही. मी त्यांना ओठांचंही विचारलं. ते म्हणाले थंडीने असेल.

ता. २५, मंगळवार

मास्तर आले. बरोबर लुकडा, हातात रिकामी बाज्याची पेटी. ती बघितल्यावरच मी काय ते समजलो. बसा म्हटलं. लुकडा बसला नाही, पेटी पायाशी धरून उभा राहिला.

मास्तरांनी गाल बघितला. "उतरली की बरीच."

"उतरली. डॉक्टर म्हणतात, थोडे आठवडे."

"तालमी सोमवारी सुरू होतायत." मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले. "मला कोणीतरी बसवावाच लागेल. आणि काका, वाईट वाटून घेऊ नका. बाजा महिनाभर गार पडलाय. तो परत मार्गी लावायलाच याला आठवडा जाईल. म्हणून आज घेऊन जावा म्हटलं."

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि शाल बाजूला केली.

मास्तरांनी बाजा उचलला आणि थांबले. पितळावर पालथा हात ठेवला. मग माउथपीस बोटांत धरला. मग पाणी सोडायची चावी दाबली, तर जमिनीवर थेंब पडले. ताजे.

"कोण देतंय ऊब?"

"कोणी नाही. मला बंदी आहे."

"काका, हा आत्ताचा कोमट आहे."

मी पण हात लावला. खरंच कोमट होता. मी जरा विचार केला आणि त्यांना सांगितलं की भिंतीच्या पलीकडे गीझर आहे, त्याची धग लागत असणार. थेंब म्हणजे वाफ. मास्तर भिंतीकडे बघत राहिले. मग मागे वळून बघितलं. ही स्वयंपाकघरात पाठमोरी चहा गाळत होती. इतका सावकाश चहा तिने कधी गाळला नाही.

लुकडा म्हणाला, "मास्तर, मी माझ्या कॉर्नेटवरच बरा आहे हो." आणि पेटीचं झाकण बंद केलं. पेटी रिकामीच.

चहा झाला. मास्तर हिला म्हणाले, "काकू, पूर्वी तुम्ही कानात कापूस घालायचात म्हणे."

"अजून घालते."

"घालत जा," मास्तर म्हणाले. "पण दुपारी नको. खालच्या बाई सांगत होत्या, आवाज होतो. तो आपला आपल्याला ऐकू यायला हवा."

ही म्हणाली, "एकदाच झाला. ओठ आवळले गेले."

मला यातलं काही कळलं नाही. कापसाचा आणि ओठांचा काय संबंध. दोघांनाही विचारणार होतो, पण मास्तर उठले. जाताना म्हणाले, "बाजा राहू दे इथेच. खुर्चीचं मी विचार करून कळवतो." लुकडा रिकामी पेटी घेऊन दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

ता. २६, बुधवार

मास्तरांचा निरोप नाही. तालीम सोमवारी. फोन करावा तर ते उचलत नाहीत, शिकवत असतात. टेलरबाई उद्या बाकीचे कोट घेऊन त्यांच्याकडे जाणार आहेत. माझा कोट अजून कपाटातच आहे, बाईंनी कात्री लावलेली नाही. त्यांच्या हाती चिठ्ठी देतो. आधी इथे कच्ची लिहून बघतो, म्हणजे चुका कळतील.

मास्तरांस,

कालच्या भेटीनंतर चिठ्ठी लिहायला एक दिवस उशीर झाला, माफ करावं. मला वाजवायची परवानगी मिळेपर्यंत थोडे आठवडे जातील. तोवर खुर्ची रिकामी ठेवणं तुम्हाला जड जाईल हे मी जाणतो. माझी एक सूचना आहे. मी तालमीला येतो, बाजा मांडीवर घेऊन नुसता बसतो. वाजवणार नाही, ऊबही देणार नाही, डॉक्टरांना शब्द दिलाय. सूर डोक्यात म्हणत राहीन आणि पिस्टन दाबत राहीन, म्हणजे बोटं विसरणार नाहीत. बाकीच्यांना माझा काही त्रास नाही. सूज आता इतकी उतरली आहे की लांबून बघणाऱ्याला कळत नाही, आणि आम्हाला लांबून कोणी बघतही नाही. बाज्याची काळजी नसावी. गीझरच्या भिंतीमुळे तो आपोआप कोमट राहतो. कोट माझ्याच मापाचा असू द्यावा.

आपला,
मागच्या रांगेतला

इथपर्यंत लिहून हिला वाचून दाखवली. तिने ऐकून घेतली. मी विचारलं, तुझा काही निरोप आहे का. असतो म्हणून नाही, पद्धत म्हणून विचारलं. ती म्हणाली, "लिहा, तिसरा पिस्टन दाबला की अर्ध्यावर अडतो. तेल पाठवून द्या म्हणावं."

मी आत जाऊन दाबून बघितला. खरंच अडतो. अर्ध्यावरच. तिला हे कसं कळलं देव जाणे, पुसताना हात लागला असेल. ताजा कलम म्हणून तेही चिठ्ठीत घातलं:

ता. क. तिसरा पिस्टन अडतो, असं घरातून कळतं. तेल टेलरबाईंच्या हाती द्यावं. आणि माझ्या खुर्चीचं काय ठरलं ते सोमवारच्या आत कळवावं. ही रोज दोनदा विचारते, मास्तरांचा निरोप आला का. इतकी वर्षं तिने बॅन्डचं कधी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे तिला आता काय सांगावं ते मला सुचत नाही. तरी कृपा करून लवकर कळवा.